बीएलएस, एसीएलएस, एटीएलएस म्हणजे नेमकं काय? मुंबईतलं हे शिक्षण आपल्या आरोग्य केंद्रात का हवं?

आपल्या तालुक्यातली बरीच मुलं-मुली जीएनएम, बीएस्सी नर्सिंग नाहीतर पॅरामेडिकल करून मुंबईला नोकरीला जातात. परळ, दादर, गिरगावकडच्या मोठ्या हॉस्पिटलांत मुलाखतीला गेलं की बऱ्याच ठिकाणी एक प्रश्न हमखास येतो : बीएलएसचं कार्ड आहे का? आयसीयूची जागा असेल तर एसीएलएसही विचारतात. घरच्यांना वाटतं, एवढं तीन-चार वर्षं शिकवलं, आता हे आणखी काय नवीन?

हे नवीन नाही. माणूस समोर कोसळला तर पहिल्या काही मिनिटांत हाताने काय करायचं, याचं ते शिक्षण आहे. त्याची जेवढी गरज मुंबईला आहे, त्याहून जास्त आपल्याला आहे. ती कशी, ते पुढे बघू.

कुठला कोर्स कशाचा?

बीएलएस म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबणं, तोंडावर मास्क लावून फुग्याने श्वास देणं, एईडी नावाचं शॉक देणारं छोटं यंत्र वापरणं आणि घशात घास अडकला तर तो काढणं, एवढं यात येतं. साधारण एका दिवसाचा कोर्स. डॉक्टर, नर्स, दंतवैद्य, पॅरामेडिकल सगळ्यांना करता येतो.

एसीएलएस त्याच्या पुढचा. यात हृदयाचा आलेख वाचणं, कुठलं इंजेक्शन कधी द्यायचं, शॉक कधी द्यायचा, चार-पाच जणांच्या टीमने न गोंधळता काम कसं वाटून घ्यायचं, हे शिकवतात. साधारण दोन दिवस लागतात. लहान मुलांसाठी पाल्स नावाचा वेगळा कोर्स आहे, कारण मुलांचं हृदय बंद पडण्याआधी बहुतेक वेळा श्वास बंद पडतो. तिथे उपचाराची सुरुवातच श्वासापासून होते.

एटीएलएस हा अपघाताचा, फक्त डॉक्टरांसाठी. त्यात क्रम ठरलेला असतो. आधी श्वासाची वाट मोकळी आहे का, मग श्वास नीट चालू आहे का, मग रक्तस्राव, मग मेंदू, आणि शेवटी कपडे बाजूला करून सगळं अंग तपासायचं. पाय मोडून हाड बाहेर आलेलं दिसलं की सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. पण पेशंट जातो तो छातीत हवा कोंडून नाहीतर पोटात रक्त साठून. म्हणून हा क्रम मोडायचा नाही, हेच तिथे परत परत घोटून घेतात.

हा कोर्स मक्याच्या शेतात जन्मला

एटीएलएसची सुरुवात कुठल्या मोठ्या शहरात झाली नाही. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात डॉ. जेम्स स्टायनर हे हाडांचे सर्जन स्वतःचं छोटं विमान चालवत कुटुंबासह घरी निघाले होते. विमान मक्याच्या शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, चारही मुलं जखमी झाली. मुलांना घेऊन ते जवळच्या लहान गावातल्या दवाखान्यात पोचले, तर तिथे अशा जखमींना कसं हाताळायचं हे नीट कुणाला येत नव्हतं. शेतात आपल्या दोन हातांनी मुलांना जेवढी मदत करता आली, त्यापेक्षा दवाखान्यातली मदत कमी पडली, असं त्यांना दिसलं.

त्या अनुभवातून ते आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. १९७८ मध्ये नेब्रास्कातच पहिला कोर्स झाला. १९८० मध्ये अमेरिकेतल्या सर्जन लोकांच्या संस्थेने तो स्वीकारला आणि पुढे तो जगभर गेला. म्हणजे जो कोर्स आज शहरातल्या हॉस्पिटलांची शान समजला जातो, तो मुळात खेड्यातल्या दवाखान्याची उणीव भरून काढायला निघाला होता.

छाती दाबण्याची पद्धत त्याहून जुनी, १९६० सालची. त्याच वर्षी नॉर्वेतल्या आस्मुंड लेरडाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्या कारखानदाराने सरावासाठी माणसाएवढी बाहुली तयार केली. आजही हे कोर्स अशाच बाहुलीवर चालतात. पुस्तक वाचून छाती किती दाबायची ते कळत नाही, हाताला सवय लागावी लागते.

परळ जवळ होतं, तरी...

आपल्याकडून परळला न गेलेलं घर विरळा. कुणाचा आजोबा लालबागच्या गिरणीत होता, कुणाचा पेशंट केईएमला, कुणाचा टाटाला, कुणाचं बाळ वाडियाला. १९२६ पासून चालू असलेलं केईएम अजूनही गरिबाचा आधार आहे. सगळी मोठी हॉस्पिटलं एका हाकेच्या अंतरावर, म्हणून आपल्याला वाटतं की मुंबईत माणूस वाचतोच.

२९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आठवा. पावसात एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशन जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. केईएम तिथून जवळच. पण छातीवर माणसांचा भार येऊन श्वास कोंडतो तेव्हा हातात काही मिनिटंच असतात. हॉस्पिटल जवळ असणं एवढ्याने भागत नाही. माणूस पडला त्या जागेवर काय होतं, त्यावर बरंच ठरतं.

हृदय बंद पडलं की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. छाती दाबायला कुणी सुरुवात केली नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. आता हाच हिशोब आपल्याकडे लावा. बामणोली खोऱ्यातून घाट चढून-उतरून साताऱ्याला यायला तास तरी जातो. पाटणच्या वरच्या वाड्यांमधून कऱ्हाड गाठायचं तरी तीच गत. म्हणून हे शिक्षण साताऱ्यात किंवा मुंबईत असून चालत नाही, ते गावाजवळच्या आरोग्य केंद्रात लागतं.

आपल्याकडे नेमकं कुठे उपयोगी पडतं?

साप. नाग किंवा मण्यार चावली की विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. माणूस जिवंत असतो, पण त्याला श्वास घेता येत नाही. लस तर द्यायचीच, पण सोबत कुणीतरी अंबू बॅगेने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, मोठ्या हॉस्पिटलपर्यंत श्वास देत राहिलं तर तो वाचू शकतो. हे काम बीएलएस झालेली नर्स करू शकते. फुगा कपाटात आहे, पण मास्क तोंडावर घट्ट कसा धरायचा हे येत नाही, तर त्या फुग्याचा काही उपयोग नाही.

बाळंतपण. जन्मल्यावर बाळ रडलं नाही तर पहिलं मिनिट सोन्याचं. यासाठी सरकारने २००९ मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला आणि एएनएम, नर्स व डॉक्टरांना बाळाला श्वास देण्याचं शिक्षण द्यायला घेतलं. आपल्या उपकेंद्रातल्या ताईंना ते परत कधी मिळालं, हे विचारायला हरकत नाही.

रस्ता आणि मोटर. हेल्मेट नसलेला दुचाकीवाला आणि विहिरीवरच्या मोटरीचा शॉक, या दोन गोष्टी प्रत्येक गावाला माहीत आहेत.

१०८ गाडीवरची अक्षरं

महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हा ९३७ गाड्यांचं नियोजन होतं. त्यात २३३ एएलएस आणि ७०४ बीएलएस. एएलएस म्हणजे व्हेंटिलेटर, हृदयाला शॉक देणारं यंत्र असलेली मोठ्या आणीबाणीची गाडी. बीएलएसमध्ये ऑक्सिजन आणि प्राथमिक सोय. आपल्या राज्यात दोन्ही गाड्यांवर डॉक्टर असावा अशी रचना आहे. १०८ ला फोन केला की पेशंट बेशुद्ध आहे का, श्वास चालू आहे का, हे आधी सांगा. नुसतं "लवकर या" म्हटल्याने कुठली गाडी पाठवायची ते समोरच्याला कळत नाही.

कार्डाची मुदत संपते

बीएलएस आणि एसीएलएसच्या कार्डाची मुदत दोन वर्षं असते, एटीएलएसची चार वर्षं. नंतर परत करावं लागतं. कारण सराव सुटला की काही महिन्यांतच हात विसरतात. म्हणून एखाद्या डॉक्टरांनी सात वर्षांपूर्वी ट्रेनिंग घेतलंय, एवढ्यावर समाधान मानू नये.

नोकरीसाठी कोर्स करणाऱ्या मुलांनी तीन गोष्टी बघाव्यात. एक, बाहुलीवर प्रत्यक्ष सराव आणि परीक्षा आहे का. घरबसल्या व्हिडिओ बघून मिळणारं सर्टिफिकेट बरीच हॉस्पिटलं धरत नाहीत. दोन, कार्ड कुणाच्या नावाचं आहे आणि ते ऑनलाइन तपासता येतं का. तीन, ज्या हॉस्पिटलात जायचंय तिथे कुठलं कार्ड चालतं, हे पैसे भरायच्या आधी फोन करून विचारा. नोकरी लागल्यावर काही हॉस्पिटलं हा कोर्स स्वतःच करून घेतात, मग खिशातले पैसे कशाला घालवायचे?

परदेशी संस्थांच्या कोर्सना फी बरीच पडते. म्हणून केंद्र सरकारने २०२२ मध्ये डॉक्टर, नर्स आणि पॅरामेडिकल लोकांसाठी नॅशनल इमर्जन्सी लाइफ सपोर्ट हा आपला देशी कोर्स काढला. त्याची घोषणा तेव्हाच्या आरोग्य राज्यमंत्री, दिंडोरीच्या खासदार डॉ. भारती पवार यांनी केली होती. त्यात साप, विंचू, विषबाधा अशा आपल्याकडच्या गोष्टीही धरल्या आहेत.

मग गावाने काय करायचं?

पहिलं, विचारायचं. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिथे किंवा ग्रामसभेत साधे चार प्रश्न मांडा. आपल्या केंद्रात बीएलएस झालेले किती जण आहेत? त्यांच्या कार्डाची मुदत कधी संपते? रात्रीच्या ड्युटीला त्यातला एक तरी असतो का? अंबू बॅग मोठ्या माणसाची आणि बाळाची, दोन्ही आहेत का आणि चालू आहेत का? हे भांडायचे प्रश्न नाहीत. तिथल्या डॉक्टर-नर्सनाही ट्रेनिंग हवंच असतं, पण मागणी खालून गेली की वरून लवकर हलतं.

दुसरं, गाडी येईपर्यंतचं काम आपलं. माणूस हाक मारून, खांदे हलवून उठत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर एकाने १०८ ला फोन लावावा. दुसऱ्याने त्याला कडक जमिनीवर उताणं झोपवून छातीच्या मधोमध तळहाताचा टाचेकडचा भाग ठेवावा, वर दुसरा हात, कोपर ताठ. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली जाईल अशी दाबायची आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. वेग मिनिटाला १०० ते १२०. दोन मिनिटांनी हात बदला, दमलेल्या माणसाचा दाब कमी पडतो. गाडी येईपर्यंत किंवा तो हालचाल करेपर्यंत थांबायचं नाही. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसती छाती दाबली तरी चालतं. बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तर मात्र श्वासही लागतो, ते येणारा कुणी असेल तर त्याला पुढे करा. शॉक लागलेला असेल तर आधी मेन स्विच बंद, मग हात.

अपघातात रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. मान मुरगळू देऊ नका, पाणी पाजू नका.

आणि पोलिसांच्या भीतीने मागे राहू नका. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला होत नाही. नाव सांगण्याची आणि साक्षीदार होण्याची सक्ती नाही, हॉस्पिटलला पैसे भरायचीही नाही.

आपल्या गावच्या ज्या मुली मुंबईच्या हॉस्पिटलांत रोज हे काम करतात, त्या गणपतीला आणि यात्रेला गावी येतातच. त्यांना शाळेच्या पटांगणात एक तास मागा. बाहुली नसली तरी घट्ट भरलेल्या पोत्यावर दाब आणि वेग शिकता येतो. तरुण मंडळाने एवढा एक कार्यक्रम लावावा.