सगळं ठाऊक असलेला एकटा वाचक

पौडहून ताम्हिणीच्या दिशेने निघालं की वाटेत माले लागतं, मुळशी धरणाच्या परिसरातलं गाव. शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या वीज कंपनीने मुळा नदी इथे अडवायचं ठरवलं. पुण्याकडे वाहणारं पाणी उलट फिरवून घाटाखाली भिऱ्याला सोडायचं आणि तिथे वीज करून ती मुंबईला न्यायची, असा बेत होता. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापटांचं नाव या लढ्याशी कायमचं जोडलं गेलं. तीनेक वर्षांनी लढा थंडावला, धरण झालं, आणि 1927 मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

आता हीच हकिगत खोल्याखोल्यांतून सांगून पाहा. मुंबईत गिरणीमालकाला स्वस्त वीज हवी आहे. सरकारी कचेरीत जमीन संपादनाच्या कायद्याखाली कागद तयार होतायत. पुण्याच्या वाड्यात बसलेल्या सावकाराच्या नावावर खोऱ्यातली बरीच जमीन आहे. त्याचा जीव भाताच्या खाचरात नसून नुकसानभरपाईच्या आकड्यात अडकलाय. आणि खोऱ्यातल्या कुळाला दिसतात ते फक्त त्याच्या रानात विचारल्याशिवाय खणलेले चाचणीचे खड्डे. चौघांनाही आपापल्यापुरतं नीट दिसतं. अख्खा डाव मात्र चौघांपैकी कुणालाच दिसत नाही. तो दिसतो वाचणाऱ्याला.

तुकड्या-तुकड्यांत सांगितलेली राजकीय कादंबरी चालते ती अशी. तिच्यावर वाचक ज्या प्रतिक्रिया देतात, त्यांतल्या बहुतेक याच रचनेतून निघतात.

मराठीत याचं ठळक उदाहरण म्हणजे अरुण साधू. पेशाने पत्रकार. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या कादंबऱ्या. मंत्री, कामगार पुढारी, बातमीदार, कुठल्याशा पायरीवर लोंबकळणारा एखादा सामान्य माणूस, असे अनेक धागे शेजारीशेजारी चालतात आणि मधेच एकमेकांना चाटून जातात. बातमीदाराचा दिवस असाच असतो: सकाळी पत्रकार परिषद, दुपारी मोर्चा, रात्री कुणाच्या तरी बंगल्यावर कुजबूज. साधूंनी तो दिवस गोष्टीत न कोंबता गोष्टीलाच त्या दिवसाचा आकार दिला, असं मला वाटतं.

पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘हा म्हणजे नक्की कोण?’ मुख्यमंत्री कुणावर बेतलाय, कामगार पुढारी कोण, यावर मराठी वाचक तासन्‌तास वाद घालू शकतो. याला नुसता चहाटळपणा समजू नये. तुकड्यांच्या रचनेत लेखक पात्राची पूर्ण ओळख देत नाही. एक सवय, एक वाक्य, फोन ठेवण्याची एक लकब, एवढंच देतो. उरलेला माणूस वाचक स्वतःच्या आठवणीतून भरतो, आणि आठवणीत वर्तमानपत्र असतं. ‘सिंहासन’ आली 1977 मध्ये. जून 1975 ते मार्च 1977 ची आणीबाणी लोकांच्या अंगावर ताजी होती. अशा वाचकाला भयाण राज्याची कल्पना करायला भविष्यात जावं लागत नव्हतं.

ही भीती तुकड्यांतून कशी पोचते ते पाहायला जगातल्या दुसऱ्या एका कृतीकडे जाऊन यायला हवं. बर्टोल्ट ब्रेख्तने हिटलरच्या राज्यातल्या रोजच्या जगण्यावर सुट्या प्रसंगांचं एक नाटक लिहिलं. 1938 मध्ये पॅरिसला त्यातले काही प्रसंग पहिल्यांदा रंगमंचावर आले. एका प्रसंगात एक शिक्षक घरात राजवटीबद्दल काहीबाही बोलून जातो. थोड्या वेळाने नवरा-बायकोच्या लक्षात येतं की मुलगा घरात नाही. तो सांगायला तर गेला नाही ना? मग आपण नेमकं काय बोललो याची उजळणी सुरू होते, कुठलं वाक्य कसं सावरून घ्यायचं ते ठरतं. मुलगा परत येतो, हातात चॉकलेटची पुडी. म्हणतो, हेच आणायला गेलो होतो. खरं की खोटं? पडदा. त्या मुलाने काय केलं, हे पुढच्या प्रसंगातही कळत नाही, कारण पुढचा प्रसंग भलत्याच माणसांचा आहे.

आई-बापांचा संशय आता प्रेक्षकाकडे आला. सरळ गोष्टीत भीती पात्राला वाटते आणि आपण ती पाहतो. तुकडा अर्धवट तोडला की भीती ठेवायला जागा उरते ती पाहणाऱ्याच्या डोक्यात. ‘वाचून अस्वस्थ झालो, पण नेमकं का ते सांगता येत नाही’ हा अभिप्राय इथून येतो. असं म्हणणाऱ्याला भाबडा समजणारे समीक्षक मला उगाचच शहाणे वाटतात.

दुसरी प्रतिक्रिया तक्रारीची: ‘यात नायकच नाही. कुणाच्या बाजूने उभं राहायचं?’ तक्रार खरी आहे. प्रत्येक माणसाच्या खोलीत दहा पानं बसलं की त्याचं म्हणणं थोडंफार पटायला लागतं, भ्रष्ट माणसाचंसुद्धा. पुढच्या दहा पानांत त्याच माणसाने केलेलं नुकसान दिसतं. आपण मघाशी मान डोलावली होती, हे वाचकाला आठवतं आणि तो चिडतो, बहुधा लेखकावर.

जब्बार पटेलांनी 1979 मध्ये साधूंच्या या दोन कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ चित्रपट केला, पटकथा विजय तेंडुलकरांची. पडद्यावर इतके धागे सुटे सोडले तर प्रेक्षक हरवेल. म्हणून निळू फुल्यांचा दिगू टिपणीस हा बातमीदार सगळ्या खोल्यांमधून फिरतो. त्याला सगळं कळतं आणि त्याला काहीच करता येत नाही. शेवटी तो भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. कादंबरीत वाचकाची जी गत होते, ती चित्रपटाने दिगूला दिली. प्रेक्षक त्यामुळे थोडा सुटला, असं माझं मत. दिगू वेडा झाला, आपण घरी गेलो.

पुन्हा मुळशीकडे. 2018 मध्ये प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ आला. जमीन विकून बसलेला बाप आणि गुन्हेगारीकडे वळलेला मुलगा राहुल, अशी एकाच धाग्याची गोष्ट. तीत नायक आहे, त्यामुळे बाजू घ्यायला जागा आहे. पोरांनी संवाद पाठ केले. वडीलधाऱ्यांनी कुरकुर केली की यातून गुंडगिरीलाच भाव मिळतो. दोन्ही प्रतिक्रिया राहुलभोवतीच फिरतात, कारण कॅमेराच त्याच्या मागे धावतो. त्याच विषयातले दोन-तीन प्रसंग तलाठी कार्यालयात, एखादा बिल्डरच्या केबिनमध्ये, एखादा पुण्यात नवा फ्लॅट बुक करणाऱ्या नोकरदार जोडप्याच्या घरी घडले असते, तर शिट्ट्या कमी पडल्या असत्या. मग चर्चाही राहुलची कमी आणि सातबाऱ्यावरचा फेरफार कुणी, कधी आणि कशाच्या बदल्यात मंजूर केला याची जास्त झाली असती, आणि त्या चर्चेत फ्लॅट घेतलेले प्रेक्षक जरा जपूनच बोलले असते.