पुण्याचे मेण, पडद्यावरचा जबडा

सायखेड्याहून एका वाचकाने विचारले आहे: तंबाखूच्या कर्करोगात खालच्या जबड्याचा तुकडा गेला, तर पायाच्या हाडातून नवा करतात म्हणे; आणि त्याची आखणी करणारे सॉफ्टवेअर फुकट मिळते, हे खरे का?

दोन्ही खरे. पोटरीत नडगीला लागून फिब्युला नावाचे बारीक हाड असते. अंगाचा भार मुख्यतः नडगीच पेलते, म्हणून गुडघ्याकडचा आणि घोट्याकडचा भाग राखून फिब्युलाचा मधला तुकडा काढता येतो. त्यातून जबडा घडवण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. पेच असा की हाड सरळ आणि जबडा कमानदार. सुतार लाकडी चाकाचा घेर तुकडे जोडून साधतो, तसे हे हाड तिरके कापून कोनात जुळवावे लागते. कोन चुकला तर दातावर दात बसत नाही.

हे कोन आधीच ठरवायला थ्रीडी स्लायसर हे फुकट सॉफ्टवेअर वापरता येते. बोस्टनमध्ये १९९८ च्या सुमारास त्याचे काम सुरू झाले. सीटी स्कॅनमधून ते हाड वेगळे काढते. त्याला जोडलेले बोनरिकन्स्ट्रक्शनप्लॅनर हे पूरक सॉफ्टवेअर काप कुठे, किती तिरका हे दाखवते आणि त्या मापाचा करवतीचा साचाही बनवते. तो थ्रीडी प्रिंटरवर छापायचा आणि शस्त्रक्रियेत हाडावर बसवायचा.

कापण्याआधी त्या एकाच रुग्णाच्या मापाचा साचा करायचा, ही कल्पना मात्र पुण्यात सव्वादोनशे वर्षांपूर्वी वापरात होती! इंग्रजी फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती लागला, त्याचे नाक कापले गेले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याचे नाव कावसजी असे छापले. पुण्याजवळच्या वीट भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक दिले. त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटावर बसवून आकार घेतला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढीच कातडी सोडवली. भुवयांमधली अरुंद पट्टी मात्र तोडली नाही, कारण रक्त तिथूनच येत होते. फिब्युला काढतानाही त्या हाडाची रक्तवाहिनी अशीच जपतात आणि मग मानेतल्या रक्तवाहिनीला जोडतात. पुढे १८१४ मध्ये लंडनमध्ये जोसेफ कार्प्यूने हीच नाकाची शस्त्रक्रिया केली आणि त्याचे नाव पुस्तकांत राहिले. मेण वापरणाऱ्या आपल्या माणसाचे नाव कोणी टिपलेच नाही, याची मला फार खंत वाटते.

‘संगणक जबडा बनवतो’ अशा मथळ्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली शिवणारा हात फुकट मिळत नाही. स्कॅन जुना झाला आणि गाठ वाढली, तर सुंदर साचाही निरुपयोगी. प्रिंटरमधले नेहमीचे पीएलए प्लास्टिक ऑटोक्लेव्ह या निर्जंतुकीकरणाच्या यंत्राच्या १२१ अंशांत वाकते, त्यामुळे निर्जंतुक करता येणारे साहित्य घ्यावे लागते. स्लायसरचे निर्माते स्वतःच सांगतात की ते संशोधनासाठी आहे, उपचारासाठी मान्यताप्राप्त नाही, जबाबदारी डॉक्टरांचीच.

तरीही नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे शिकवावे, असे मला मनापासून वाटते. सरावाला रुग्ण लागत नाही. नाव पुसलेले जुने स्कॅन आणि एक बरा संगणक पुरतो.