आजीबाईंच्या हाती पाटी-पेन्सिल

‘हल्लीच्या मुलांना म्हाताऱ्या माणसांसाठी वेळ कुठे आहे?’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. दिल्लीच्या मयूर विहारमध्येही ती ऐकू येते. यमुनेच्या पूर्वेला असलेल्या या वस्तीतील सोसायट्यांत तरुणपणी राहायला आलेली कितीतरी जोडपी आता आजी-आजोबा झाली आहेत. बँकेचे काम मोबाइलवर आले, पण ते समजावून सांगणारी मुले नोकरीसाठी दूरगावी गेली. पलीकडे यमुनेच्या खादरात भाजीपाला पिकवणारी कुटुंबे राहतात. त्यांच्यातील अनेक वडीलधाऱ्यांचे अडते ते अक्षरओळखीपाशीच. या दोघांच्या मधे कॉलेजात जाणारी मुले-मुली आहेत. त्यांनी मनावर घेतले तर काय घडू शकते, हे ठाणे जिल्ह्यातील एका लहानशा गावाने दाखवून दिले आहे.

सून शिकवते, सासू शिकते

मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात २०१६ साली शिवजयंतीच्या सुमारास वाचन-पठण चालले होते. ते ऐकता ऐकता म्हाताऱ्या बायका हळहळल्या, ‘आम्हालाही वाचता आले असते तर!’ गावच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते बोलणे मनावर घेतले आणि ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजीबाई गुलाबी नऊवारी नेसून, दप्तरात पाटी घेऊन वर्गात बसू लागल्या. वेळ ठरली दुपारी दोन ते चार. घरकाम आणि शेतातले काम आटोपून जमेल अशी.

शिकवायला उभी राहिली गावातलीच एक तरुण सून. तिची सासूही त्याच वर्गात! आयुष्यभर अंगठा उठवणाऱ्या हातांनी सही करायला शिकावे, हे या शाळेचे मोठे यश. कागदावर काय लिहिले आहे ते न कळता अंगठा देणे म्हणजे दुसऱ्याच्या हाती आपला विश्वास सोपवणे. सही करताना माणूस निदान विचारतो तरी, ‘इथे काय लिहिले आहे?’

घेणाऱ्यालाही मिळते

तरुणांच्या सेवावृत्तीला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. त्यात विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करायची असते. २०२२ पासून राबवण्यात येत असलेला नवभारत साक्षरता कार्यक्रमही स्वयंसेवकांवरच उभा आहे.

मात्र तासांचा हिशेब पुरा झाला की काम संपले, असे होऊ नये. म्हाताऱ्या माणसाला अक्षर एका दिवसात येत नाही. काल गिरवलेले आज विसरते, डोळे दुखतात, हात थरथरतो. अशा वेळी ठरलेल्या वेळी न चुकता येणारी व्यक्ती हवी असते. चार दिवस उत्साहाने येऊन पाचव्या दिवशी गायब होणाऱ्या स्वयंसेवकामुळे शिकणाऱ्याची उमेदच खचते.

उलट, नेमाने येणाऱ्यालाही पुष्कळ मिळते. कोणते पीक कधी पेरावे, दुखणाऱ्या पोटाला काय द्यावे, हाताशी पैसा नसताना घर कसे चालवावे, हे पुस्तकात न सापडणारे ज्ञान आजीबाईंच्या गाठीशी असते. त्यांना ‘अ’ शिकवताना ते आपसूक ऐकायला मिळते.

मयूर विहारमध्ये यासाठी फार काही लागणार नाही. सोसायटीच्या सभागृहाचा एक कोपरा, आठवड्यातून दोन ठरलेल्या दुपारी आणि जबाबदारी घेणारे दोन-चार तरुण. एका दुपारी मोबाइलवरील बँक व्यवहार, दुसऱ्या दुपारी अक्षरओळख. सुरुवातीला एकच आजी आली तरी वर्ग भरवावा. पुढच्या खेपेस ती शेजारणीला घेऊन येईल.