काडतूस केव्हा बदलावे?

आपल्या मंडळात बंदुकीचा विषय सहसा कोणी काढत नाही. तरीही ज्यांचे गॅस स्टेशन, मोटेल किंवा दुकान आहे, ज्यांना रात्री उशिरा गल्ला घेऊन एकट्याने गाडीपर्यंत जावे लागते, अशा काही कुटुंबांनी आपापल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे पिस्तूल घेतलेले आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ मधील ब्रुएन निकालानंतर न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा राज्यांतही सामान्य माणसाला जवळ बाळगण्याचा परवाना मिळणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

बंदूक घ्यावी की घेऊ नये, या वादात मी शिरणार नाही. पण रसायनशास्त्रातली डॉक्टरेट असल्यामुळे दोन-तीन सभासदांनी मला एकच प्रश्न विचारला, "पिस्तुलात भरून ठेवलेल्या काडतुसांना औषधासारखी एक्सपायरी डेट असते का हो?" डब्यावर तरी तशी तारीख नसते. मग बदलायची केव्हा? उत्तर चार ओळींत देता येईल, पण कारण कळले की ते लक्षात राहते, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

काडतुसात असते काय?

काडतुसाचे चार भाग. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की पिन प्रायमरवर आपटते, त्यातले लेड स्टिफ्नेटसारखे अतिसंवेदनशील मिश्रण पेटते, ती ज्वाला दारूला लागते आणि तयार झालेला वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो.

ही दारू दिवाळीच्या फटाक्यांतली काळी दारू नव्हे. ती असते नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसासारख्या पदार्थावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारे रसायन. शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये ते पुढे आणले आणि १८८४ मध्ये फ्रान्सच्या व्हिएय याने त्यापासून बंदुकीत वापरता येईल अशी बिनधुराची दारू केली. या रसायनाला एक खोड आहे. ते स्वतःहून अगदी हळूहळू विघटित होते, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात, आणि ती उरलेल्या दारूचे विघटन आणखी वाढवतात. थेंबभर विरजणाने पातेलेभर दूध लागावे, तसा हा प्रकार. फ्रेंच आरमाराची 'इएना' ही युद्धनौका १९०७ मध्ये आणि 'लिबेर्ते' १९११ मध्ये तुलाँ बंदरात स्फोटाने नष्ट झाली. दोन्हींचा ठपका बिघडलेल्या दारूवरच ठेवला गेला.

यावर उपाय म्हणून दारूत डायफिनाइलअमाइनसारखे द्रव्य अल्प प्रमाणात मिसळतात. सुटणारी ऑक्साइडे ते शोषून घेते आणि विरजण लागू देत नाही. थंड, कोरड्या जागी ते कित्येक दशके पुरते. दुसऱ्या महायुद्धातली नीट ठेवलेली काडतुसे आजही उडतात ती यामुळेच. म्हणजे न उघडलेला डबा कपाटात पाच-दहा वर्षे राहिला, तर काळजीचे कारण नाही.

मग बिघडते कशाने?

पहिले कारण उष्णता. रासायनिक क्रियेचा वेग तापमान दहा अंश सेल्सियसने वाढले की साधारण दुप्पट होतो, हा आमच्या शास्त्रातला ढोबळ नियम. टेक्सास-ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात बंद गाडीच्या आत तापमान सहज पन्नास अंशांच्या वर जाते. काडतुसे तिथे लगेच उडत नाहीत, पण त्यांचे आयुष्य झपाट्याने खर्च होते. शिवाय गाडी फोडून पिस्तूल चोरणारे असतात, ते वेगळेच.

दुसरे कारण ओल आणि तेल. अंगाशी बाळगलेल्या पिस्तुलाला घाम लागतो आणि पितळेवर हिरवा थर धरतो. पिस्तुलाला हौसेने तेल चोपडले तर ते झिरपून प्रायमरपर्यंत जाऊ शकते आणि ओला झालेला प्रायमर पेटेलच याचा भरवसा नाही. पिस्तुलाला तेलाचा थेंब पुरे, आणि काडतुसाला तोही नको.

तिसरे कारण अमोनिया. इथे आपल्याकडच्या पावसाळ्याचा संबंध येतो. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली की त्यांच्या पुंगळ्या तडकत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेतला ताण यांचा तो परिणाम होता, हे १९२१ च्या सुमारास सिद्ध झाले. तेव्हा काच पुसायच्या अमोनियायुक्त फवाऱ्याने काडतुसे चमकवू नयेत आणि त्याच कपाटात ठेवूही नयेत.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित, ते म्हणजे हाताळणी. बरेच जण रोज रात्री पिस्तूल रिकामे करतात आणि सकाळी तेच वरचे काडतूस पुन्हा चेंबरमध्ये चढवतात. चढताना गोळीचे नाक दर वेळी धातूवर आपटते आणि गोळी केसभर पुंगळीत मागे सरकते. आतली जागा कमी झाली की बार उडताना दाब वाढतो, तो इतका की पिस्तूल फुटू शकते. पोळीच्या डब्याचे झाकण दाबून बसवणे वेगळे आणि हे वेगळे. इथे मिलिमीटरचा हिशोब आहे. वारंवारच्या आपटण्याने प्रायमरमधले मिश्रणही सुटू शकते. जॉर्जियातल्या एका काउंटीच्या पोलीस खात्याने २०११ मध्ये आपल्या शिपायांना याच कारणाने सावध केले होते. ऐन प्रसंगी एका शिपायाचे काडतूस उडलेच नाही, आणि ते पुष्कळदा चढवले-उतरवलेले होते.

थोडक्यात, काडतूस कपाटात म्हातारे होत नाही, ते हातात म्हातारे होते. कॅलेंडरपेक्षा ते किती वेळा चढवले, हे मोजावे.

तर किती दिवसांनी?

रोज जवळ बाळगत असाल तर सगळी काडतुसे वर्षातून एकदा बदलावीत. दमट किंवा फार उष्ण भागात राहत असाल, तर सहा महिन्यांनी. एकच काडतूस एक-दोनदा चेंबरमध्ये जाऊन आले की ते बाजूला काढून सरावासाठी ठेवावे. दर महिन्याला, पिस्तूल पूर्ण रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, काडतुसे नव्या काडतुसाशेजारी टेबलावर उभी करावीत. जे बुटके दिसेल, ज्यावर हिरवा थर, चीर किंवा पोचा असेल, ते कधीच झाडू नये. रिव्हॉल्व्हरमध्ये हे चढवणे-उतरवणे नसते, तरी घाम आणि तेल यांचा नियम त्यालाही लागू.

काढलेल्यांतली चांगली काडतुसे रेंजवर झाडून संपवावीत. तेवढाच सराव होतो आणि आपले पिस्तूल तीच जात नीट झाडते का, तेही कळते. तिथे चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी समोरच धरून किमान तीस सेकंद थांबावे. कधी कधी बार उशिरा होतो. खराब काडतुसे कचऱ्यात टाकू नयेत. रेंजवर त्यांच्यासाठी वेगळा डबा असतो. नाहीतर पोलीस खात्याच्या साध्या नंबरवर (९११ वर नव्हे) फोन करून कुठे आणून द्यायची ते विचारावे.

सुटे काडतूस आणि भारतवारी

काढलेले काडतूस खिशात किंवा रेंजला नेलेल्या बॅगेच्या कप्प्यात राहून जाते, आणि डिसेंबरमध्ये तीच बॅग घेऊन आपण मुंबईला जातो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस जवळ असणेही गुन्हा आहे. विमानतळावर असे एखादे काडतूस सापडून परदेशस्थ भारतीयांवर गुन्हे दाखल झाले आहेत. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात म्हटले आहे आणि त्या आधारे अनेकांची सुटकाही झाली. पण तोवर रजा, परतीचे तिकीट आणि आईवडिलांची झोप गेलेली असते. म्हणून रेंजची बॅग वेगळी ठेवावी, ती प्रवासाला कधीच वापरू नये, आणि बदललेली काडतुसे मोजून त्यांचा हिशोब लिहून ठेवावा.

नवीन आलेल्यांसाठीही एक गोष्ट. १९९८ पासूनच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एच-१, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना, शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडता, बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. ग्रीनकार्डधारकांना ही आडकाठी नाही. घरात नवऱ्याचे ग्रीनकार्ड आणि बायकोचा व्हिसा, किंवा भारतातून आलेले सासू-सासरे असतील, तर तिजोरीची किल्ली वा नंबर फक्त कायद्याने पात्र व्यक्तीकडेच असावा. नेमका प्रश्न असेल तर वकिलाला विचारावे. आणि ज्या घरात मुले आहेत तिथे पिस्तूल कुलपात, सुटी काडतुसे वेगळ्या कुलपात, याला अपवाद नाही.

वर्षाची तारीख लक्षात राहत नाही, अशी तक्रार असेल तर आपल्याकडे खंडेनवमी आहेच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण शस्त्रे आणि अवजारे पूजतो. त्या दिवशी पिस्तूल रिकामे करावे, साफ करावे, जुनी काडतुसे मोजून काढावीत आणि नवी भरावीत. फक्त हळद-कुंकू आणि तेल काडतुसांना लावू नका. गंध-फूल तिजोरीच्या दाराला वाहिले तरी पूजा पोचते.