एलियाहू हनाबीचा खंडाळा

पळसदरी स्टेशनात उभं राहून कुणी ‘खंडाळा’ म्हटलं की मान आपसूक बोरघाटाकडे वळते. पण आपल्याच रायगडात, अलिबागजवळ, खंडाळा नावाचं आणखी एक छोटं गाव आहे. तिथल्या कातळावर काही खुणा आहेत. बेने इस्रायल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणाने ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं ते आपले मराठी ज्यू, सांगतात की या खुणा एलियाहू हनाबीच्या रथाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या आहेत. तो इथे प्रकटला आणि इथूनच आकाशात गेला. जगाचा शेवट जवळ आला की ज्याने परत यायचं आहे, तोच हा एलियाहू!

हिब्रू बायबलप्रमाणे हा संदेष्टा मेलाच नाही. अग्निरथ आला, वावटळ उठली आणि तो सदेह स्वर्गात गेला. पुढे मलाखी या संदेष्ट्याच्या ग्रंथात त्याच्यावर एक काम सोपवलेलं आहे: त्या मोठ्या, भयंकर दिवसाच्या आधी यायचं आणि बापांची मनं मुलांकडे, मुलांची बापांकडे वळवायची. मला या गोष्टीचं अतोनात नवल वाटतं. सगळ्या जगाचा निवाडा व्हायचा आहे, आणि त्याआधी उरकायचं काम कोणतं, तर घराघरांतला अबोला मिटवणं.

कारण ज्यू परंपरेत शेवट म्हणजे जगबुडी नव्हे. नोहाच्या महापुरानंतर देवाने शब्दच दिला आहे, की पुन्हा पुराने पृथ्वी बुडवणार नाही. मशियाह, म्हणजे ज्यूंचा त्राता, येईल, जगभर पांगलेले लोक एकत्र येतील, लढाया थांबतील, मेलेले उठतील. हे सगळं कसं घडेल यावर मात्र धर्मपंडितांचं कधीच एकमत झालं नाही. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात जगाचं आयुष्य 6000 वर्षं सांगणारं एक मत आहे. ज्यू पंचांगातलं 5786 वं वर्ष 2025 च्या सप्टेंबरात सुरू झालं, म्हणजे 6000 वं उजाडेल 2239 मध्ये. पण त्याच तालमूदमध्ये, थोड्याच अंतरावर, शेवटाची तारीख काढत बसणाऱ्यांना शापही दिलेला आहे! बाराव्या शतकातला थोर तत्त्वज्ञ मायमॉनिडीस तर म्हणे की मशियाहच्या काळातही सृष्टीचे नियम बदलणार नाहीत. बदलेल ते एवढंच, की ज्यू लोक परक्या सत्तांच्या गुलामीत राहणार नाहीत.

मेलेल्यांना उठवणाऱ्या देवाचं आशीर्वचन रोजच्या तिन्ही प्रार्थनांत येतं. हिवाळ्यात त्याच आशीर्वचनात पाऊस पाडणाऱ्या देवाची स्तुती असते, कारण ऋतू मोजायचा तो इस्रायलच्या भूमीचा. म्हणजे आपल्याकडे पाऊस परतल्यावर, शेतं वाळत असताना, अलिबागच्या सिनेगॉगमध्ये दूरच्या पावसाचं आणि पुनरुत्थानाचं नाव एका दमात घेतलं गेलं. नवगावच्या किनाऱ्यावर बेने इस्रायलांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी कथा आहे. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. या श्रद्धेप्रमाणे नवगावच्या मातीतले तेही एक दिवस उठायचे आहेत.

आणि एलियाहू? तो बेने इस्रायलांच्या घरातलाच आहे. रथातून वर जाणाऱ्या एलियाहूची तसबीर भिंतीवर असते. लग्नाच्या आधी, नवं घर घेतलं की, नवस फेडताना मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सुका मेवा. भोवती फळं मांडायची, एलियाहूचं गाणं म्हणायचं, आशीर्वाद म्हणून मग सगळ्यांनी खायचं. जगाच्या शेवटाच्या दूताला कोकणाने पोहे-खोबऱ्याचा मान दिला, याचं मला फार कौतुक वाटतं.

त्याचा उरूस भरतो तो ‘तू बिश्वात’ या सणाला, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. ज्यू पंचांगात हा दिवस झाडांचं नवं वर्ष. इथे मला योहानान बेन झक्काई आठवतात. रोमन सैन्याने इसवी सन 70 मध्ये जेरुसलेमचं मंदिर जाळलं, ते या गुरूंनी सोसलं होतं. शेवटाची आस त्यांच्याइतकी कुणाला असणार? तरी त्यांच्या नावावरची शिकवण अशी, की हातात रोप असताना मशियाह आल्याची हाक ऐकू आली, तर आधी रोप लावून घ्यावं, मगच त्याच्या स्वागताला जावं. झाडांच्या नव्या वर्षाला एलियाहूची वाट बघणाऱ्या बेने इस्रायलांना ही शिकवण वेगळी शिकवायची गरज नाही, असं मला वाटतं.

1948 नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले. तिथे हैफा शहरात, कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी एलियाहूची गुहा मानतात. ‘तू बिश्वात’च्या दिवशी मराठी ज्यू आता त्या गुहेपाशी जमतात आणि मलिदा करतात. खंडाळ्याचा कातळही सुटलेला नाही. तिकडून रायगडात येणारे अजून तिथे जाऊन नवस फेडतात.