सुरीआधी कात्री

2 डिसेंबर 1943 च्या रात्री जर्मन विमानांनी इटलीतले बारी बंदर भाजून काढले. बुडालेल्या जहाजांपैकी ‘जॉन हार्वे’ या अमेरिकी जहाजावर मस्टर्ड या विषारी रसायनाचे सुमारे 2,000 बॉम्ब होते. ही गोष्ट इतकी गुप्त, की तिथल्या इस्पितळांनाही तिचा पत्ता नव्हता. पाण्यात उड्या घेतलेले खलाशी इंधनतेलाने माखून आले, आणि त्या तेलात मस्टर्ड विरघळलेले होते. डॉक्टरांनी गारठलेल्या माणसावर करतात तेच उपचार केले. अंगावरच्या ओल्या कपड्यांसकट अनेकांना ब्लँकेटांत गुंडाळले. काही तासांत डोळे सुजून मिटले, अंगावर फोड उठले. इस्पितळात आलेल्या सहाशेहून अधिक बाधितांपैकी 83 दगावले. अंगावरचे कपडे कापून वेळीच साबणपाण्याने धुतले असते, तर यातले बरेच वाचले असते.

रसायनबाधित जखमीच्या शस्त्रक्रियेत म्हणूनच सुरीआधी कात्री येते. वाहते रक्त रोखणे आणि अडलेला श्वास मोकळा करणे, एवढेच लांबणीवर टाकता येत नाही. बाकी सगळे, अंग धुतल्यावर. जखमेत रुतलेली कापडाची चिंधी हा विषाचा साठाच असतो. ती बोटांनी नव्हे, चिमट्याने काढायची आणि थेट ब्लीचच्या द्रावणात टाकायची. मस्टर्ड साध्या रबरी हातमोज्यांतून झिरपते, त्यामुळे दुहेरी मोजे घालून ते वरचेवर बदलावे लागतात. हे सोपस्कार वाटतील, पण 1995 च्या टोकियोतील सरिन या विषारी रसायनाच्या हल्ल्यात रुग्णांच्या कपड्यांतून निघालेल्या वाफांनी रुग्णालयातल्या डॉक्टर-परिचारिकांनाही त्रास झाला होता.

भूलतज्ज्ञापुढचा पेच वेगळा. श्वासनळीत नळी घालताना स्नायू सैल करण्यासाठी बऱ्याचदा सक्सिनिलकोलीन देतात. रक्तातले एक विकर ते काही मिनिटांत मोडते. सरिन हे विकरही निकामी करते. मग मिनिटांचे काम तासांवर जाते आणि तोवर रुग्ण यंत्राच्या श्वासावर राहतो.

सरिन आपल्याकडे कुठले, असे म्हणू नका. पिकांवर फवारली जाणारी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके त्याच कुळातली आहेत आणि हे विकर तीही अडवतात. 2017 मध्ये यवतमाळात फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण पाहिले आहे. फवारणीनंतर कुणी अत्यवस्थ झाले, तर हातमोजे घालून कपडे आधी उतरवा, अंग धुवा, आणि त्या ‘औषधा’चा डबा नाहीतर निदान त्यावरचे लेबल दवाखान्यात घेऊन जा. डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका.