संगणकावरील भार आणि ताण

मुळशी तालुक्यांतील सूस हें गांव ३० जून २०२१ रोजीं पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. हिंजवडीची संगणक-नगरी जवळच असल्यामुळें सॉफ्टवेअर, म्हणजेच संगणकाची आज्ञावली, लिहिणें व पारखणें हा तेथील अनेक घरांचा चरितार्थ झाला आहे. हें पारखणें किती महत्त्वाचें असतें याची प्रचीति पुढें सोळाच दिवसांनीं साऱ्या महाराष्ट्रास आली. १६ जुलै २०२१ रोजीं दुपारीं एक वाजतां राज्य मंडळाचा दहावीचा निकाल प्रसिद्ध झाला. महामारीमुळें त्या वर्षीं लेखी परीक्षा न होतां शाळांतील मूल्यमापनावरून गुण दिले होते. पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांची दृष्टि एकाच घटकेस मंडळाच्या संकेतस्थळांकडे वळली, आणि तीं संकेतस्थळें कोलमडलीं. कित्येक तास मुलांना आपले गुण पाहतां आले नाहींत.

असा प्रसंग टाळण्यासाठीं आज्ञावलीच्या दोन प्रकारच्या चांचण्या घेतात. एकीस लोड टेस्टिंग, म्हणजे भारचांचणी, आणि दुसरीस स्ट्रेस टेस्टिंग, म्हणजे ताणचांचणी, असें म्हणतात. दोहोंतही कृत्रिम गर्दी निर्माण करावी लागते; म्हणून त्या एकच असाव्यात असा समज होतो. परंतु त्यांचे प्रश्न भिन्न आहेत.

लग्नघरीं पांचशें पानांचा स्वयंपाक केला आहे अशी कल्पना करावी. पांचशें माणसें जेवावयास बसलीं असतां शेवटच्या पानावरही वरणभात गरम व वेळेवर पडतो कीं नाहीं, हें पाहणें म्हणजे भारचांचणी होय. आतां आठशें किंवा हजार माणसें आलीं, तर प्रथम काय अपुरें पडतें? भात, वाढपी कीं पत्रावळी? आणि तें अपुरें पडल्यावर यजमान दुसरी पंगत मांडतो, कीं दाराशीं चेंगराचेंगरी होते? हें पाहणें म्हणजे ताणचांचणी.

भारचांचणींत जेमीटरसारख्या साधनानें हजारों काल्पनिक ग्राहक निर्माण करून त्यांची संख्या अपेक्षित मर्यादेपर्यंत हळूहळू वाढवितात. उत्तरास किती वेळ लागतो आणि किती विनंत्या फुकट जातात, हें मोजतात. येथें केवळ सरासरीवर विसंबून चालत नाहीं. शंभरांतील नव्वदांना एका सेकंदांत उत्तर मिळालें आणि दहांना अर्धा मिनिट तिष्ठावें लागलें, तरी सरासरी चार सेकंदांहून कमीच भरते. त्या दहांची अडचण तींत दिसत नाहीं.

ताणचांचणींत मर्यादा ओलांडणें हाच हेतु असतो. संगणकाची स्मृति आधीं संपते, कीं माहितीच्या कोठाराशीं असलेल्या जोडण्या संपतात, हें तेथें उघड होतें. गर्दी ओसरल्यावर यंत्रणा आपोआप सावरते, कीं तशीच पडून राहते, हेंही पाहावें लागतें.

हा भेद साध्या हिशेबानेंही पटण्यासारखा आहे. १५ लाख विद्यार्थ्यांनीं दहा मिनिटांत प्रत्येकीं एकदांच निकाल मागितला, तर दर सेकंदास २,५०० विनंत्या येतात. एवढ्या भारास यंत्रणा उतरली, तरी निर्धास्त राहतां येत नाहीं. पान लवकर उघडलें नाहीं कीं अधीर मूल पुनःपुन्हां कळ दाबतें. प्रत्येकानें चार वेळां दाबली, तर तोच आंकडा १०,००० वर जातो. म्हणजे मंदावलेली यंत्रणा आपल्यावरील भार आपणच वाढवून घेते. अपेक्षित संख्येपाशीं थांबणाऱ्या भारचांचणींत हें चक्र दिसत नाहीं. ताणचांचणींत तें दिसूं शकतें.

तें दिसलें म्हणजे उपायही करतां येतात. निकालाचीं पानें आधींच तयार करून अनेक संगणकांवर ठेवावीं, जादा आलेल्यांस दुसऱ्या पंगतीप्रमाणें थांबवून त्यांचा क्रमांक सांगावा, आणि भ्रमणध्वनीवरील संदेशानें गुण कळविण्याची निराळी वाट मोकळी ठेवावी. मात्र या दोनही चांचण्या निकालाच्या तारखेपूर्वीं पुरेशा अवधीनें घेतल्या पाहिजेत. आदल्या रात्रीं सांपडलेला दोष दुरुस्त करण्यास वेळ उरत नाहीं, आणि त्याचा त्रास शेवटीं गुणांची वाट पाहणाऱ्या मुलांनाच सोसावा लागतो.